पाहिले त्यांनी, ऐकले कोणी?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार नगरात घरोघरी भारत-इंग्लंड क्रिकेट सामना चालू होता. त्याच वेळी बधवार पार्कसमोरच्या किनाऱ्याला एक रबरी होडी लागली आणि पाठीवर जड पिशव्या घेतलेले दहा तरुण उतरले. पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेवरील पाच जणांचा जीव घेऊन ते इथवर आले होते. पण हे किनाऱ्यावरच्यांना कळायला मार्ग नव्हता. तरीही वस्तीतल्या माणसांना ते ओपरे वाटले. कोण तुम्ही, कुठले, असे त्यांना विचारले गेले. आम्ही विद्यार्थी आहोत, असे उत्तर मिळाले. पुढे तीन दिवस मुंबईने काय भोगले ते सांगण्याची गरज नाही. कराचीपासून मुंबईपर्यंतच्या प्रवासात, ‘कुबेर’वरील अभागी खलाशी सोडल्यास, या दहा जणांना ‘कोण?’ असे विचारणारी पहिली माणसे कोळी होती. नौदल, तटरक्षक दल, सीमाशुल्क खाते आणि पोलीस यांच्यापैकी कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता.

मच्छीमार नगरापासून नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आणि गोदी चालत गेल्यास तासाभराच्या आत येतात. त्या रात्रीचे लक्ष्य हॉटेले, रेल्वे स्थानक आणि ज्यूंचे वसतिस्थान हे होते. पण सुकाणू कुलाब्याच्या टोकाला वळसा घालून पूर्वेकडे फिरले असते तर काय झाले असते, ही शंका नौदलाच्या मनात आली नसेल असे म्हणवत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी सरकारने नौदलाकडे सोपवली आणि नाविक तळांच्या रक्षणासाठी सागर प्रहरी बल उभारण्याचे ठरले. त्यासाठी सुमारे एक हजार माणसे आणि ८० वेगवान नौका मंजूर झाल्या. युद्धनौकेनेच पहारेकऱ्याच्या संरक्षणाखाली राहावे याचे सामान्य वाचकाला नवल वाटेल. पण खुल्या समुद्रात शेकडो किलोमीटरवरचे लक्ष्य टिपणारे जहाज धक्क्याला बांधले म्हणजे लंगडे होते. त्याची क्षेपणास्त्रे दोनशे मीटरवरच्या होडीपुढे निरुपयोगी असतात आणि त्याच्या भोवती बाजार भरलेला असतो.

१२ ऑक्टोबर २००० रोजी एडनच्या बंदरात तेल घेत उभ्या असलेल्या ‘कोल’ या अमेरिकी विनाशिकेला हा अनुभव आला. स्फोटकांनी भरलेली एक लहानशी होडी तिच्या अंगाला येऊन भिडली. ती बंदरातलीच एखादी कामकरी होडी असावी, असा डेकवरच्यांचा समज होता. सतरा खलाशी ठार झाले. मोठ्या जहाजाला लहान होडीचे हे भय कोकण किनाऱ्याला नवे नाही. आंग्र्यांची गलबते इंग्रजांच्या जहाजावर पिछाडीकडून चाल करीत, कारण जहाजाच्या बगलेच्या तोफा तिकडे वळत नसत. तुलना माणसांची नाही, पाण्यावरच्या हिशेबाची आहे.

तो हिशेब कोणत्याही विद्यार्थ्याला करता येईल. वीस नॉट वेगाने येणारी होडी सेकंदाला सुमारे दहा मीटर कापते. म्हणजे पाचशे मीटरवर ती दिसली तर पहारेकऱ्यापाशी पन्नास सेकंद उरतात. एवढ्या अवधीत त्याने होडी ओळखायची, भोंग्याने हाक द्यायची, प्रखर दिवा टाकायचा, न थांबल्यास इशाऱ्याची गोळी झाडायची आणि मग शेवटचा निर्णय घ्यायचा. जहाजाच्या रक्षणाचे शास्त्र म्हणून जे शिकवले जाते त्याचा गाभा हे पन्नास सेकंद वाढवावेत कसे, एवढाच आहे. म्हणून जहाजाभोवती वर्तुळे आखतात, बाहेरच्या वर्तुळात गस्तीची होडी ठेवतात, शिडीवर चढणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटवतात, पहाऱ्याच्या वेळा मुद्दाम बदलत ठेवतात. हे सारे मोकळ्या बंदरात ठीक आहे. मुंबई बंदरात भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँची, ससून गोदीत माल उतरवणारे ट्रॉलर, घारापुरीला निघालेले प्रवासी आणि तेलवाहू जहाजे एकाच पाण्यात असतात. येथे दुरून येणारी प्रत्येक होडी संशयित धरली तर दिवसाला शेकडो वेळा बंदूक रोखावी लागेल.

आणि रोखलेली बंदूक कधी ना कधी सुटतेच. १६ जुलै २०१२ रोजी दुबईजवळ ‘रॅपॅहॅनॉक’ या अमेरिकी नौदलाच्या तेलपुरवठा जहाजावरून एका मासेमारी नौकेवर गोळीबार झाला. एक भारतीय मच्छीमार ठार झाला आणि तीन जखमी झाले. आम्ही इशारे दिले होते, असे अमेरिकेचे म्हणणे. इशारा मिळालाच नाही, असे वाचलेल्यांचे म्हणणे. त्याच वर्षी फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्यासमोर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील सैनिकांनी दोन मच्छीमारांना समुद्री चाचे समजून ठार केले. तो खटला आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि दहा कोटी रुपयांच्या भरपाईवर २०२१ मध्ये मिटला. ‘कोल’वरचा पहारेकरी गाफील राहिला म्हणून सतरा माणसे गेली, त्याचा धडा घेतलेला पहारेकरी धास्तावला म्हणून गरीब खलाशी गेला. दोन्ही चुकांचे मूळ एकच. समोरची होडी कोणाची आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

हे ज्याला ठाऊक असते तो मनुष्य मच्छीमार नगरात राहतो. कोणत्या गावची होडी कशी दिसते, तिचे इंजिन कसे वाजते, कोणत्या भरतीला कोण बाहेर पडते आणि कोणाला त्या वेळी तेथे काहीच काम नसते, हे तांडेलाला विचारावे. २००८ नंतर सरकारने किनाऱ्यावर रडार बसवले, बायोमेट्रिक ओळखपत्रे वाटली, होड्यांना रंग ठरवून दिले. (रंग ठरवण्यात आपल्या खात्यांना जो रस असतो, तो त्या रंगाची होडी कोणी पाहण्यात असतो की नाही, कोण जाणे.) एवढे सगळे असताना ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ हे सुमारे हजार टनांचे निर्मनुष्य जहाज ओमानकडून महिनाभर वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतले, तोवर त्याचा कोणाला पत्ता नव्हता. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ तीन एके-४७ रायफली असलेली ‘लेडी हान’ ही बेवारस नौका सापडली. तीही मस्कतकडून वाहत आली होती. दोन्ही वेळा दैव अनुकूल होते, एवढेच. यंत्रे नकोत असे कोणी म्हणणार नाही. पण यंत्राला ठिपका दिसतो, त्या ठिपक्याचा मालक दिसत नाही.

यावर अधिकारी म्हणतात, कोळ्यांना विश्वासात घेतलेलेच आहे. सागर सुरक्षा दले आहेत, सराव होतात, दूरध्वनी क्रमांक आहेत. पण कोळ्याला अनुभव कसा येतो? समुद्रात त्याच्याकडे ओळखपत्र मागितले जाते आणि बंदीच्या पाण्यात शिरला म्हणून तो हाकलला जातो. उलट त्याने काही पाहिले म्हणून चौकीत सांगायला जावे, तर जबाब लिहून देण्यात भरती निघून जाते आणि दिवसाची मासळी बुडते. पुढे काय झाले, हे त्याला कोणी कळवत नाही. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा तो पाहून न पाहिल्यासारखे करतो. त्याला दोष कोण देईल?

शिवाय किनारा आंधळा नव्हता, हे १९९३ नेही दाखवले आहे. दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरली ती काही कोणाला न दिसता उतरली नाहीत. ज्यांनी ती अडवायची त्या सीमाशुल्क खात्यातील आणि पोलिसांतील माणसे पैशाला वश झाली, असे पुढे टाडा न्यायालयाने ठरवले. १२ मार्च रोजी २५७ माणसे प्राणांस मुकली. २००८ च्या खटल्यात मच्छीमार नगरातील रहिवाशांनी न्यायालयात उभे राहून साक्ष दिली. हल्लेखोर कोठे उतरले, हे सिद्ध होण्यास त्यांच्या साक्षीचा आधार मिळाला. ज्या वस्तीची साक्ष न्यायालयाला विश्वसनीय वाटते, तिची खबर पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला रात्री नऊ वाजता का वाटू नये?

तेव्हा नौदलाने आपली बाहेरची वर्तुळे कोळीवाड्यापासून आखावीत. खबर देणाऱ्याची बुडालेली फेरी भरून द्यावी आणि त्याच्या खबरीचे काय झाले ते चार दिवसांत त्याला तोंडी तरी सांगावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि किनारी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक प्रत्येक होडीवर रंगवून ठेवता येतील. पण त्याआधी मध्यरात्री तो दूरध्वनी उचलणाऱ्या जवानाला कोळ्यांची बोली समजते काय, आणि तांडेल ज्या खडकाचे, ज्या खाडीच्या तोंडाचे नाव घेईल ते त्याच्यासमोरच्या नकाशावर आहे काय, एवढे कोणीतरी एकदा मच्छीमार नगरातून फोन लावून पाहावे.