जळालेले दिसते, कुजलेले दिसत नाही

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले आणि काही दिवसांतच सरकारने पुनर्बांधणीसाठी 20 कोटी रुपये जाहीर केले. ते योग्यच झाले. पण परभणीत बसून हे पाहताना वाटले, नाट्यगृह पडायला आगच लागते असे नाही. आपल्याकडे ती पडतात सावकाश. गळक्या छताने, बंद दाराने. इथल्या नटराज रंगमंदिराची दुरवस्था परभणीकरांच्या डोळ्यांदेखत झाली. तेव्हा रडायला रस्त्यावर कोणी आले नाही.

कोल्हापूरची वास्तू राजाश्रयातून उभी राहिली. 1902 मध्ये युरोप पाहून आलेल्या शाहू महाराजांनी शेजारी शेजारी कुस्तीचे खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर उभारले. थिएटर 1915 मध्ये खुले झाले. पैलवान आणि नट यांना एकाच आवारात मान देणारा तो राजा होता. पुढे त्याच थिएटरला 'ललितकलादर्श' नाटक मंडळीच्या केशवरावांचे नाव मिळाले.

त्याच काळात मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी नाटकासाठी राजाने वास्तू बांधावी ही गोष्टच इथे संभवत नव्हती. निजाम सरकारच्या 1929 च्या 'गश्ती 53' या हुकुमानंतर परवानगीशिवाय साधी सभा घेता येत नव्हती. लोकांना जे बोलायचे ते गणेशोत्सवातल्या मेळ्यांतून गाण्या-संवादांत बोलले जाई. म्हणजे इथला रंगमंच आधी मांडवात उभा राहिला. छप्पर फार उशिरा आले. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य आले, तेव्हा नाट्यगृह बांधण्याची जबाबदारी नगरपालिकांवर पडली. ती जबाबदारी बांधकामापर्यंत पाळली गेली, निगा राखण्यापर्यंत नाही.

परभणीतल्या आणखी एका सभागृहाला बी. रघुनाथांचे नाव आहे. सातोन्याचा हा कवी-कादंबरीकार हैदराबादच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत लिहीत राहिला आणि 7 सप्टेंबर 1953 रोजी, वयाच्या चाळिशीत, कचेरीतच गेला. त्याच्या नावाने बांधलेल्या जागेत माईकचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

1995 मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. शहर जागे आहे, प्रेक्षक आहे. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघ दिवसभर नोकरी, शेती, दुकान सांभाळून रात्री तालमी करतात. त्यांना उणीव आहे ती नीट चालणाऱ्या रंगमंचाची, प्रकाशयोजनेची, स्त्री कलाकारांसाठी स्वच्छ रंगपटाची. संभाजीनगरचे संत एकनाथ रंगमंदिरही दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिले, म्हणजे हे दुखणे एकट्या परभणीचे नाही.

उद्घाटनाच्या कोनशिलेला निधी मिळतो, छताच्या डागडुजीला मिळत नाही. महापालिकेने अर्थसंकल्पात नाट्यगृहाच्या देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष दरवर्षी ठेवावे, त्यातला खर्च जाहीर करावा आणि देखरेखीच्या समितीत इथले रंगकर्मी घ्यावेत. पहिली तपासणी पावसाळ्यापूर्वी व्हावी आणि तिच्यात विजेच्या वायरी व अग्निशमनाची साधने सर्वांत आधी पाहिली जावीत.