सायकलची सीट आणि आपला संकोच



आमच्या सोसायटीत बायकांच्या तीन सायकली धूळ खात उभ्या आहेत. एकीला म्हणे वेळ नाही, दुसरीला ट्रॅफिकची भीती, तिसरीचं "आता वय झालं". खरं कारण तिघींनीही नंतर हळूच सांगितलं. बसायच्या जागी दुखतं. आता हे दुकानदाराला कसं सांगायचं? त्यापेक्षा सायकलच बंद!

मला हे अजिबात पटत नाही. गुडघ्यांवर फार भार न टाकणारा इतका चांगला व्यायाम एका सीटपायी सोडायचा?

दुकानात तक्रार केलीच, तर जेलचं मऊ कव्हर पुढे करतात. ते घेऊ नका. आपण सामायिकाला पातळ आसनावर 48 मिनिटं बसतो, तेव्हा भार खालच्या दोन हाडांवर असतो. ती हाडं त्यासाठीच आहेत. फार मऊ सीटमध्ये ती रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. त्यातून बायकांच्या या हाडांमधलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं. अरुंद सीटवर भार नेमका नको तिथे पडतो.

हे अंतर घरी मोजता येतं. टणक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, त्यावर बसा, पाय जरा उचला. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजून त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. ताठ बसून चालवत असाल तर आणखी थोडं. मी कॉमर्सची, आकडा हातात असला की मला धीर येतो. "एवढ्या रुंदीची सीट दाखवा" म्हटलं की झालं, शरीराचा विषयच निघत नाही.

पण पैसे खर्च करण्याआधी आहे ती सीट तपासा. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हायला हवा. सीट जास्त उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि घासतं. टोक वर उचललेलं नको. फार खाली झुकवलंत तर मात्र आपण पुढे घसरतो आणि मनगटं दुखतात. सलवारीच्या आत पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स घालता येते. तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते!

जाणकार चामड्याच्या सीटची फार स्तुती करतात, वापरून ती अंगाला बसते म्हणून. आपल्या घरात ती येणार नाही, आणि त्यात हळहळण्यासारखंही काही नाही. चामड्याच्या सीटसाठी प्रसिद्ध असलेली इंग्लंडची ब्रूक्स कंपनीही आता रबर आणि सुती कापडाच्या सीट बनवते. आपल्याला एवढी महाग नकोच, साधी रेक्झिनची चालेल. घेताना लेबल तेवढं वाचा.

दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर क्षणभर उभं राहा. उतरल्यावरही बधिरपणा राहिला किंवा फोड आला, तर सायकल बंद ठेवून डॉक्टरांकडे जा. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा, पण दुखतं कुठे ते नीट सांगा.