रोहिणीकाठचे दहा दूत

भांडण मिटविणे हीसुद्धा शिकण्याची विद्या आहे. आपण मुलांकडून पाढे पाठ करून घेतो. पण नळावर दोन घरे हमरीतुमरीवर आली तर मधे पडून काय बोलावे, हे त्यांना कोणी शिकवीत नाही. मुले जे ऐकतात तेच उचलतात.

अमेरिकेत १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. त्यात प्रत्येकाने एका काल्पनिक राज्यातील पात्र व्हायचे आणि त्याच्या तोंडून बोलायचे. कोणी योद्धा होतो, कोणी तहाची बोलणी करणारा दूत. सोंग घ्यायला आपल्या मुलांनाही आवडते. त्यांच्यासाठी तहाची गोष्ट आपल्या घरातच आहे.

बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे. शाक्य संघात सेनापतीने कोलियांशी युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने सुचविले, आपले दोन व त्यांचे दोन निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा सोडवावा. बहुमताने ते नाकारले. सिद्धार्थ घर सोडून गेला. पुढे कपिलवस्तूत युद्धाविरुद्ध मिरवणुका निघाल्या, तेव्हा शाक्यांनी पाच दूत नेमले, कोलियांनीही पाच नेमले, आणि पाण्याचा प्रत्येक तंटा सोडविण्यासाठी कायमचे लवाद मंडळ ठरले.

त्या दहा दूतांचा खेळ विहारात रविवारी मांडता येतो. पाच मुले-मुली शाक्य, पाच कोलिय, अकरावा इतिवृत्त लिहिणारा. पहिला नियम असा की, स्वतःचे गाऱ्हाणे मांडण्याआधी दुसऱ्या बाजूची अडचण सांगायची, आणि त्यांनी 'बरोबर' म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाही. दुसरा, हट्ट आणि गरज वेगळी करायची. 'पाणी आधी आम्हालाच' हा हट्ट. 'आठ दिवसांत पाणी नाही मिळाले तर पीक करपेल' ही गरज. तिसरा, ठरेल ते कागदावर घ्यायचे: पाळी कोणाची, पाणी मोजणार कोण, नदी आटली तर काय. चौथा सर्वांत अवघड. दूताने परत येऊन आपल्याच चिडलेल्या माणसांना तह पटवून द्यायचा. मग बाजू बदलून पुन्हा खेळायचे.

मोठ्या मुलांसाठी रोहिणीच्या जागी मांजरा घ्यावी. धनेगावच्या मांजरा धरणावर बीड, धाराशिव आणि लातूर अशा तिन्ही जिल्ह्यांची नजर असते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. कळंबच्या मुलाने लातूरकर व्हावे, म्हणजे शहराची तहान त्याला कळेल. दुसऱ्या फेरीत त्याने शेतकरी व्हावे.

हा केवळ करमणुकीचा खेळ नाही. आम्ही कचेरीत टेबलाच्या या बाजूला बसतो, तेव्हा पाहतो की आपला माणूस एक तर गप्प उभा राहतो, नाही तर एकदम चढ्या आवाजात बोलतो. दोन्ही वेळा त्याचे काम अडते. मुद्देसूद मागणे, लिहून घेणे आणि समोरच्याचे ऐकूनही आपले न सोडणे ही सवय लहानपणी लागली, तर तीच मुले उद्या रेशन, घरकुल आणि मजुरीच्या प्रश्नावर बोलतील.

एक सांगून ठेवतो. एखाद्या रविवारी तह होणार नाही, मुले रागावून उठतील. उठू द्यावे. सिद्धार्थाचेही पहिल्या सभेत कोणी ऐकले नव्हते. पुढच्या रविवारी पुन्हा दहा दूत बसवावेत, आणि त्यांत निम्म्या मुली असाव्यात.