परवाना मिळेल, पण भाव?

दिवाळीच्या पंगतीत विदर्भाचा विषय निघाला की आपल्यातलं कुणीतरी सुचवतंच : यवतमाळच्या शेतकऱ्याला कपाशीऐवजी गांजा लावू द्या, इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये बघा त्यात किती पैसा आहे! २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने तसा अर्जच प्रशासनाकडे केला होता. कुठल्याच पिकाला धड भाव नाही, हे त्याचं कारण. कारण खरं आहे. उपाय मला पटत नाही, आणि व्यसनाचा मुद्दा मी यात आणतही नाही.

ज्या मिशिगनचा दाखला देतात, तिथलंच बघा. डिसेंबर २०१९ मध्ये गांजाची दुकानं उघडली. लागवडीच्या परवान्यांना राज्याने एकूण मर्यादा ठेवली नाही. २०२०च्या सुरुवातीला औंसाला ५०० डॉलरच्या वर असलेला भाव तीन वर्षांत ८०च्या आसपास आला. उरलेला माल शेजारच्या राज्यात नेता येत नाही, कारण देशाच्या कायद्याने तो गुन्हा. ओक्लाहोमाने २०१८ पासून अडीच हजार डॉलरला मागेल त्याला परवाना वाटला आणि २०२२ मध्ये नवे परवाने बंद केले. परवाने मोजके ठेवले तर ते पैसेवाल्यांकडे जातात, मोकळे सोडले तर छोटा आधी बुडतो.

यवतमाळात हे वेगळं शिकवायला नको. जिनिंगवर गाडी लागली की ग्रेडर ढिगात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे कपात, बाराच्या वर गेला की भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) माल घेतच नाही. पहिल्या वेचणीचा कापूस बहुधा ओलाच असतो. तिकडे कृषी केंद्रवाल्याची उधारी थकलेली, म्हणून कापूस व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो. हमीभाव असलेल्या पिकाची ही गत, मग ज्याला तोही नाही त्याची काय होईल?

इंग्रजांच्या काळात निमाडात, खांडव्याकडे, गांजा परवान्याने पिके आणि माल सरकारी कोठारात जमा होई. सरकारचा डोळा महसुलावर होता, तरी किती पिकवायचं याचा हिशेब कुणीतरी ठेवत होतं. आपल्याकडची कापूस एकाधिकार खरेदीही, तिचे सगळे घोळ धरून, माल घेणारं कुणीतरी आहे एवढी खात्री द्यायची.

१९८५च्या अमली पदार्थ कायद्यात राज्यांना लागवडीला परवानगी देण्याची सोय आहेच. उत्तराखंडने औद्योगिक भांगेसाठी ती वापरली. महाराष्ट्राने वापरायची तर किती एकर आणि खरेदी कोण करणार, हे आधी ठरवावं. यवतमाळसाठी शब्द टाकायचाच असेल, तर खरेदी केंद्रं पहिल्या वेचणीच्या वेळीच उघडावीत आणि गावोगाव कापूस वाळवायला छपराखाली जागा मिळावी, यासाठी टाकू.