येहूची स्तुती आणि होशेयाचा निषेध

अमालेकी लोकांचा समूळ संहार करावा, त्यांत स्त्रिया व तान्ही मुलेसुद्धा वगळू नयेत, असे जे फर्मान शौल राजाला परमेश्वराच्या नावाने मिळाल्याचे पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात नमूद आहे, ते वाचून ज्या ख्रिस्ती माणसाचे काळीज हलत नाही, त्याची श्रद्धा दृढ आहे असे मी मानीत नाही. त्याने तो अध्याय वाचलाच नाही, असे मानतो.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या मराठी मंडळ्यांत ह्या अध्यायाची सर्रास होणारी मखलाशी अशी की, अमालेकी दुष्ट होते, सबब त्यांना शासन झाले. एका घरप्रार्थनेत, चाकणहून पहिली पाळी करून आलेला, नखांतले ग्रीस पुरते न निघालेला एक तरुण कामगार हा पाठ वाचता वाचता थांबला. मांडीवर त्याची मुलगी निजली होती. “ह्या लेकरांनी काय केलं होतं, पास्टर?” एवढेच त्याने विचारले, आणि उत्तरादाखल देवाच्या सार्वभौमत्वावर जे विवेचन झाले, त्यात लेकरांचा उल्लेखही आला नाही. १६६० साली चाकणचा संग्रामदुर्ग झुंजविणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याला, किल्ला पडल्यावर, शायिस्तेखानाने शौर्याची कदर करून जाऊ दिले, हे आपण आजही वाखाणतो. जे औदार्य शत्रूच्या ठायी वाखाणावे, ते देवाच्या ठायी अपेक्षिणे अधर्म कसा ठरेल?

जुना करारच दप्तरबंद करावा, हे मत दुसऱ्या शतकातील मार्कियोनाचे. रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले ते योग्यच केले, कारण त्या कराराबरोबर दास्यमुक्तीची कथा आणि विधवा, अनाथ, परदेशी ह्यांचा कैवार घेणारे नियमशास्त्रही जाते. हिंदू धर्मशास्त्रांतील स्त्रीविषयक वचनांची निर्भीड उलटतपासणी करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून जे मराठी पवित्र शास्त्र सिद्ध केले, आणि जे त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले, त्यात शमुवेलाचे पुस्तक आहे. परक्यांच्या ग्रंथाला लावलेली कसोटी आपल्या ग्रंथाला माफ करण्याची मुभा आपल्याला कोणी दिली? यहोशवाच्या पुस्तकातील यरीहोच्या अशाच संहाराबाबत, तिथल्या उत्खननाचा हवाला देऊन ‘हे घडलेच नाही’ म्हणणारेही आहेत. पण न घडलेल्या कत्तलीची स्तुतीसुद्धा स्तुतीच होय.

माझा पक्ष शास्त्रातूनच उभा राहतो. इस्राएलाचा राजा येहू याने आधीच्या अहाब राजाच्या सत्तर पुत्रांची शिरे टोपल्यांतून इज्रेलास मागविली, वेशीपाशी त्यांचे ढीग रचविले, आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकात परमेश्वर त्याची वाखाणणी करून चार पिढ्यांचे राज्य देतो. पुढे शंभरेक वर्षांनी होशेय संदेष्टा त्याच परमेश्वराच्या नावाने सांगतो की, इज्रेलच्या रक्ताचा जाब येहूच्या घराण्याला द्यावा लागेल. इतकेच नव्हे, तर आपल्या पहिल्या लेकराचे नावच तो इज्रेल ठेवतो. शास्त्राने शास्त्राचे केलेले हे खंडन शास्त्रातच जतन झाले, ते कोणी खोडून काढले नाही. आणि शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागणाऱ्या याकोब-योहान ह्या शिष्यांना, असाच अग्नी पाडणाऱ्या एलीयाचा दाखला डोळ्यांपुढे असतानाही, प्रभूने धमकाविले व वाट बदलून तो दुसऱ्या गावी गेला.

म्हणून हे पाठ गाळावेत असे मी म्हणत नाही. शौलाचा तो अध्याय व्यासपीठावरून पूर्ण वाचावा, त्याच रविवारी होशेयाचा पहिला अध्याय वाचावा, आणि मंडळीतील ज्याला फिर्याद मांडायची असेल त्याला ती उभे राहून मांडू द्यावी; सदोमासाठी अब्राहामानेही ती देवासमोर उभे राहूनच मांडली होती.