गेटबाहेरचा ऐवज

"काकू, हे ठेवता का जरा? माझ्यासोबत कोणी नाही आलं न."

जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेसात. हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात एका व्यवसायाच्या परवान्याची परीक्षा होती आणि मी भाच्याला सोडायला गेले होते. त्या मुलीनं रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. मंगळसूत्र, जोडवी, कानातले, बंद केलेला मोबाइल आणि परतीच्या भाड्याचे पैसे. आदल्या दिवशी पहाटे ती सिरोंच्याहून निघाली होती. सिरोंचा ते नागपूर हे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त. रात्र तिनं गणेशपेठच्या एसटी स्टँडवर बसून काढली होती. माझं नावही तिनं विचारलं नाही. गेट बंद व्हायला दहा मिनिटं होती आणि विचारायला वेळच नव्हता.

तिचं पाहून आणखी तिघं आले. गेट बंद झालं तेव्हा माझ्याजवळ चार मोबाइल, दोन पाकिटं आणि एक जाड स्वेटर होता. थंडीत कुडकुडत ती मुलं आत गेली. अंगावरून यंत्र फिरलं, बोटांचे ठसे झाले, फोटो निघाला.

तपासणी नको असं मी कधीच म्हणणार नाही. 25 वर्षं कॉलेजात शिकवलं, पर्यवेक्षक म्हणून किती वर्गांतून फिरले त्याची मोजदाद नाही. बाहीत दडवलेल्या चिठ्ठ्या मी काढल्या आहेत, हॉल तिकिटावरचा चेहरा आणि बाकावरचा चेहरा वेगळा असल्याचंही एकदा पकडलं आहे. परवान्याच्या परीक्षेत तर जास्तच डोळे उघडे हवेत. भरतीच्या परीक्षेत लबाडी झाली तर दुसऱ्या एखाद्या उमेदवाराची जागा जाते. परवान्याच्या परीक्षेत झाली तर ज्याचं नुकसान व्हायचं तो माणूस त्या दिवशी केंद्राच्या आसपासही नसतो. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना इथे डॉक्टरकी करायची तर 300 प्रश्नांच्या परीक्षेत 150 गुण मिळवावे लागतात. त्या गुणांवर पुढे कोणाचं तरी मूल, कोणाची तरी आई टेबलावर झोपणार असते. आपला डॉक्टर कसा पास झाला हे विचारायची सोय त्यांना कधीच नसते. त्यांच्या वतीनं विचारायचं काम परीक्षा घेणाऱ्याचं.

म्हणूनच जोडवी काढायला लावणारी व्यवस्था आतल्या बाजूला किती जागी आहे, हे मला पाहावंसं वाटतं. शिक्षक पात्रता परीक्षा हाही एक परवानाच. 2019-20 च्या टीईटीत 7,800 हून अधिक उमेदवार गैरप्रकारात सापडल्याचं पुढे जाहीर झालं. डिसेंबर 2021 मध्ये ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. तपासात आलं ते असं की पेपर झाल्यावर, निकाल तयार होताना गुण वाढवले गेले. आमच्या नागपूर विद्यापीठातही 1999 मध्ये गुणवाढीचा घोटाळा उघडकीस आला होता. त्या दिवसांत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसणंसुद्धा जड वाटे. दोन्ही प्रकरणांत परीक्षेच्या खोलीबाहेर हात फिरला होता. तिथे ना कोणाचे कानातले काढले गेले, ना कोणाचा स्वेटर. कोणाच्या लॉगिननं गुण बदलले, किती वाजता, कोणाच्या परवानगीनं, याची न पुसता येणारी नोंद राहते का? मूळ उत्तर आणि जाहीर झालेला गुण बाहेरचा कोणी ताडून पाहतो का? मुलांच्या खिशांइतकीच या जागांची झडती झाली पाहिजे.

दुसरी परीक्षा मी घरात पाहिली. भाची नंदनवनला राहते. पदरात आठ महिन्यांचं बाळ. आर्थिक क्षेत्रातल्या एका परवान्यासाठी घरूनच परीक्षा देता येते म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. मे महिना होता, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. परीक्षेआधी तिला लॅपटॉप उचलून कॅमेऱ्यासमोर अख्खी खोली फिरवून दाखवावी लागली. पलंगाखालची जागा, कपाटामागची भिंत, टेबलाची खालची बाजू. भिंतीवरचं कॅलेंडरही काढायला लावलं. कूलर सुरू होता, त्याची घरघर माइकमध्ये जात होती. आवाजाची सूचना आल्यावर तिनं कूलर बंद केला. नागपूरच्या मे महिन्यात दार लावलेल्या खोलीत कूलर बंद करून दोन तास बसणं काय असतं, ते इथल्या माणसाला सांगावं लागणार नाही. आत बाळ रडलं तशी तिची नजर दाराकडे गेली. पडद्यावर इशारा आला: नजर हटवू नका. पास झाली ती. पण बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, दोन तास मी प्रश्नांना कमी आणि त्या कॅमेऱ्यालाच जास्त भिऊन राहिली होती."

तिच्याजवळ निदान वेगळी खोली होती. एका खोलीत पाच माणसं राहतात, वीज जाते, नेट जातं, तिथे घरबसल्या परीक्षा हा शब्द कोणाच्या कामाचा? तरीही ही सोय बंद करा असं मी म्हणत नाही. बाळंतिणीला, चालता न येणाऱ्याला, घरी आजारी माणूस असलेल्याला ती हवीच. प्रश्न एवढाच की कोणती परीक्षा घरी सोडायची. जून 2021 पासून महाराष्ट्रात शिकाऊ वाहन परवान्याची परीक्षा आधारच्या ओळखीवर घरून देता येते. एकाच्या नावावर दुसराच बसतो अशा तक्रारी लगोलग आल्याच. पण पक्क्या लायसन्ससाठी प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावीच लागते, म्हणून पहिली पायरी घरी सोडणं मला पटतं. जिथे मागे अशी दुसरी पायरीच नाही, एका पेपरावर माणूस थेट रुग्णासमोर किंवा अशिलासमोर उभा राहणार, तिथे घरची परीक्षा मला पटत नाही.

पहारा हलका करायचा आणखी एक मार्ग आहे, तो प्रश्नपत्रिकेतून जातो. वकिलांच्या अखिल भारतीय परीक्षेत खुणा-टिपणं नसलेले बेअर ॲक्ट आत नेता येतात. पुस्तकच समोर असलं की चिठ्ठीची किंमत संपते. कलम कुठे सापडतं आणि कुठे लागू होतं, तेवढंच विचारायचं उरतं. वकिलीत पुढे आयुष्यभर तेच करायचं असतं.

मला राहून राहून वाटतं ते त्या मुलीच्या सिरोंच्याचं. अहेरी, धारणी, देवरी, जिथे म्हणाल तिथे आज एखादं कॉलेज आहे, त्यात संगणकाची खोली आहे. महिन्यातले दोन रविवार तिथे वीस संगणकांचं केंद्र चालवता येणार नाही का? इन्व्हर्टर, एक प्रशिक्षित पर्यवेक्षक, एक महिला कर्मचारी, खोलीतला कॅमेरा नागपुरातून पाहणारं कोणी, पेपर शेवटच्या मिनिटाला उघडणारा. आणि सामान ठेवायला किल्ली लावायचं कपाट, पावतीसकट. पर्यवेक्षक दुसऱ्या तालुक्यातला असावा आणि दर वेळी बदलावा, कारण ओळखीपाळखीचं दडपण मी जवळून पाहिलं आहे. याला खर्च येईल. आज तो खर्च ती मुलं करतातच: एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, स्टँडवरची रात्र. तो कोणाच्या हिशेबात दिसत नाही, एवढंच.

साडेबाराला गेट उघडलं. घोळक्यातून ती मुलगी धावतच आली. पुरचुंडी घेतली, पैसे न मोजताच पर्समध्ये टाकले, रस्त्याच्या दुभाजकावर बसून एकेक जोडवं बोटात चढवलं. भाच्यानं विचारलं, पेपर कसा गेला? "सोपा होता," ती म्हणाली, "पण पहिला अर्धा तास हात थरथरत होते, थंडीनं." मग मंगळसूत्र गळ्यात घालून उठली आणि मला विचारलं, "काकू, गणेशपेठला जाणारी बस इथूनच मिळते न? अडीचची चंद्रपूर गाठली तर रात्री आलापल्लीपर्यंत तरी पोहोचते मी."