विश्लेषण : फिजिओथेरपीच्या बिलावर ‘१५ सिटिंग’ एवढेच का पुरत नाही?

वसई गावातल्या होळी भागातून सकाळी स्टेशनची बस पकडणारा नोकरदार, पाचूबंदरची मासळी डोक्यावरून वाहणारी कोळीण, वाडीत दिवसभर वाकून राबणारा शेतकरी. तिघांची कामे वेगळी. कंबर, मान आणि गुडघा मात्र सगळ्यांचाच बोलतो. दुखणे वाढले की पाय फिजिओथेरपिस्टकडे वळतात. आखडलेला सांधा हाताने मोकळा करणे, स्नायू ताणणे, दाब देऊन गाठ सैल करणे याला ‘मॅन्युअल थेरपी’ म्हणतात. या उपचारात औषधाची पट्टी मिळत नाही की एक्स-रेची फिल्म. त्यामुळे उपचार झाल्याचा पुरावा एकच : कागद. आणि नेमका तोच अनेकदा अपुरा असतो.

नेमके कुठे अडते?

समजा, आजींच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर १५ दिवस फिजिओथेरपी चालली. शेवटी हाती आलेल्या बिलावर एकच ओळ : ‘फिजिओथेरपी, १५ सिटिंग’. खाली रक्कम आणि सही. विमा कंपनी मग विचारते, उपचार कोणत्या सांध्यावर? कोणत्या तारखांना? कोणाच्या सल्ल्याने? शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध काय? उपचार खरा, खर्च खरा. पण उत्तर कागदावर नाही.

विमा खर्च देतो का?

बहुतेक साध्या आरोग्य पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याशी जोडलेल्या असतात. निव्वळ कंबरदुखीसाठी क्लिनिकमध्ये घेतलेले उपचार ‘ओपीडी’त मोडतात आणि ते संरक्षण वेगळे घेतलेले नसेल, तर पैसे मिळत नाहीत. दाखल होऊन घरी आल्यानंतरचा खर्च मात्र ठरावीक दिवसांपर्यंत मिळू शकतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत ६० दिवसांची आहे. अट अशी की खर्च त्याच आजाराशी संबंधित हवा आणि मूळ दावा मंजूर झालेला हवा. हे उपचार संपल्यापासून १५ दिवसांत कागद सादर करावे लागतात. म्हणजे तपशीलवार बिल मागायला नंतर धावाधाव करण्याइतका वेळ हाती उरत नाही.

बिलावर काय हवे?

रुग्णाचे नाव, निदान, प्रत्येक भेटीची तारीख, उपचाराचा प्रकार व शरीराचा भाग, दर भेटीचा दर, एकूण रक्कम, पावती क्रमांक आणि उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपीसाठी राज्य परिषद आहे. नोंदणी तिथे होते. सोबत डॉक्टरांची सल्ल्याची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड जोडावे.

‘मसाज’ लिहिले तर?

हा शब्द महागात पडू शकतो. आजार, दुखापत किंवा व्यंगावरच्या आरोग्यसेवेला २०१७ पासून जीएसटीतून सूट आहे आणि त्यात पॅरामेडिकल सेवाही येतात. स्पामधल्या मसाजला ती सूट नाही. हात तसेच चालत असतील. पण एक उपचार आहे, दुसरी आरामाची सेवा. हा फरक दाखवते ती उपचारांची नोंद.

चांगली नोंद कशी असते?

तिचे चार भाग असतात : रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, त्यावरून निष्कर्ष आणि पुढची योजना. ‘आराम वाटतो’ हे पुरेसे नाही. ‘पहिल्या दिवशी गुडघा ७० अंश वाकत होता, दहाव्या दिवशी १०० अंश, वेदना दहापैकी ७ वरून ३’ असे लिहिले, तर उपचार का सुरू ठेवला आणि कधी थांबवायचा, दोन्ही कळते. थेरपिस्ट बदलला तरी नव्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

अमेरिकेत मॅन्युअल थेरपीला ९७१४० हा स्वतंत्र बिलिंग कोड आहे. त्याचे एकक १५ मिनिटांचे. सरकारी मेडिकेअर योजनेत किमान ८ मिनिटे प्रत्यक्ष उपचार झाल्याशिवाय एक एककही धरले जात नाही. तिथल्या थेरपिस्टांनाही ही कागदपत्रे जाचकच वाटतात आणि तो सगळा पसारा इथे आणण्याची गरज नाही. पण वेळ आणि उपचार लिहून ठेवण्याची शिस्त घ्यायला काय हरकत आहे?

रुग्णाने काय करावे?

पहिल्याच भेटीत तपशीलवार बिल मिळेल का, हे विचारावे. शक्यतो यूपीआय किंवा कार्डने पैसे द्यावेत. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र रोखीने दिलेली रक्कम त्यात धरत नाहीत. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे जावे, तिथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे. तिथे शुल्क लागत नाही.

छोट्या क्लिनिकमध्ये एकच थेरपिस्ट उपचार करतो, फोन घेतो, पैसेही मोजतो. त्याच्याकडून रुग्णालयासारख्या फाइलची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण दर भेटीला चार ओळी लिहायला दोन मिनिटे पुरतात. त्या दोन मिनिटांचा आळस थेरपिस्टचा असतो आणि त्याची किंमत रुग्णाचे घर मोजते. राज्य परिषदेने बिलाचा आणि नोंदीचा एक साधा मराठी नमुना सर्वांसाठी ठरवून दिला, तर हा वाद बराचसा मुळातच मिटेल.